डावा कोपरा, लाल अक्षरं, पाच तारे : संगीत मासिकांच्या मांडणीमागचा इतिहास

ब्रिटनमधल्या पेपरवाल्यांच्या दुकानात मासिकं फळीवर एकमेकांवर चढवून उभी ठेवतात. गिऱ्हाइकाला प्रत्येक अंकाचा डावीकडचा जेमतेम एक तृतीयांश भाग दिसतो. 'एनएमई' म्हणजे 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' या साप्ताहिकाची तीन लाल अक्षरं डाव्या कोपऱ्यात का आणि 'क्यू' या संगीत मासिकाचा लाल चौकोनही तिथेच का, याचं कारण इतकं साधं आहे. आज डिझाइनच्या वर्गात हेच नियम म्हणून शिकवतात: नाव डावीकडे वर, चेहरा मधोमध, नजर थेट वाचकावर, कडेला मथळे. एखाद्या कॉलेजच्या ग्रुपला संगीताचा अंक काढायचा झाला की कॅनव्हावरून हाच साचा उचलला जातो. तो अंक व्हॉट्सअॅपवर पीडीएफ होऊन फिरणार असतो, तिथे फळी नाही की शेजारी दुसरा अंक नाही. तरी नाव डाव्या कोपऱ्यातच! हे संकेत आले कुठून, हे शोधत गेलं की बहुतेकांच्या मुळाशी कागद, शाई, दुकान नाहीतर जाहिरातीचा पैसा निघतो. सौंदर्यदृष्टी मागाहून आली.

पहिली संगीत नियतकालिकं चाहत्यांसाठी नव्हतीच, ती धंद्याची पत्रं होती. 'बिलबोर्ड' १८९४ साली सिनसिनाटीत निघालं ते भिंतींवर जाहिराती चिकटवणाऱ्यांसाठी. सर्कस, जत्रा, नाटकं असं करत ते संगीताकडे सरकलं. लंडनचं 'मेलडी मेकर' (१९२६) डान्स बँडमधल्या वादकांचं, शिकागोचं 'डाउनबीट' (१९३४) जॅझवाल्यांचं. वादकाला बातमी हवी, काम कुठे मिळेल ते हवं, वाद्यांच्या जाहिराती हव्यात. त्यामुळे पान वर्तमानपत्राचंच राहिलं: अरुंद स्तंभ, बारीक टाइप, भरगच्च मजकूर.

या पानांवर खास संगीताची म्हणावी अशी पहिली गोष्ट आली ती क्रमवारीची यादी. १४ नोव्हेंबर १९५२च्या अंकात 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस'ने ब्रिटनमधली खपाची पहिली यादी छापली. पर्सी डिकिन्स यांनी वीसेक रेकॉर्डच्या दुकानांना फोन लावले, काय खपतंय ते विचारलं आणि बेरीज केली. जागा बारा, पण काही ठिकाणी बरोबरी झाल्यामुळे रेकॉर्डी पंधरा. पहिला क्रमांक गायक अल मार्टिनोचा. रेकॉर्ड कंपन्यांच्या जाहिराती ओढायला याहून चांगलं पान सापडणं कठीण होतं. मोठे आकडे, गेल्या आठवड्याची जागा, या आठवड्याची जागा ही मांडणी तिथून जी रुळली ती आजच्या 'शंभर सर्वोत्तम अल्बम' छापाच्या मुखपृष्ठापर्यंत टिकली आहे. आपल्याकडे त्याच वर्षाच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. अमीन सयानींच्या 'पायदान'वर कुठलं गाणं चढलं याची चर्चा घराघरांत व्हायची, पण ती यादी कानांनी ऐकायची होती. एनएमईचं पहिलं पान मात्र तेव्हा चेहऱ्याचं नव्हतं, पुष्कळदा ते चक्क जाहिरातदाराला विकलेलं असे.

चेहरा, छायाचित्र आणि दीर्घ लेख यांची जी जोडी आपण आज संगीत मासिक म्हणून ओळखतो ती सॅन फ्रान्सिस्कोत जमली. ९ नोव्हेंबर १९६७ ही 'रोलिंग स्टोन'च्या पहिल्या अंकाची तारीख. संपादक यान वेनर एकवीस वर्षांचा. सोबत राल्फ ग्लीसन हे पन्नाशीचे मुरलेले जॅझ समीक्षक. त्या शहरात तेव्हा 'ओरॅकल' नावाचं भूमिगत पत्र इंद्रधनुषी शाईत, वाचताना डोळे गरगरतील अशा अक्षरांत निघत होतं. वेनरने ती वाट धरली नाही. तो आधी 'संडे रॅम्पार्ट्स' नावाच्या पत्रात काम करत असे. ते बंद पडलं आणि त्याची मांडणी याने जवळजवळ आहे तशी उचलली. जुन्या वळणाचा, अक्षरांच्या टोकांना छोटे फराटे असलेला सेरिफ टाइप, पानाभोवती एक जाड आणि एक बारीक अशी जोडरेघ, नीट आखलेले स्तंभ. रॉकवरचं लेखन राजकारणावरच्या लेखनाइतकंच गांभीर्याने वाचलं जावं, तर पान सभ्य दिसलं पाहिजे, हा त्यातला डाव. बंडखोरी फक्त नावाच्या अक्षरांत. ती काढली होती पोस्टरकार रिक ग्रिफिनने, आणि वेनरने त्याचा कच्चा आराखडाच छापून टाकला असं सांगतात. माझ्या मते संगीत मासिकांच्या सगळ्या इतिहासात अनुकरण करावं असं काही असेल तर हे प्रमाण: नाव मोकाट, पान शिस्तीत. नवशिके नेमकं उलटं करतात. नाव साधं ठेवतात आणि आत प्रत्येक पानाला वेगळी पार्श्वभूमी लावतात.

त्या पहिल्या अंकावर जॉन लेनन आहे, तोही एका चित्रपटाच्या प्रसिद्धी-छायाचित्रात. खास काढलेला फोटो परवडत नव्हता. छायाचित्रकार अॅनी लीबोविट्झ १९७० मध्ये आली आणि पुढच्या दशकात मुखपृष्ठ हीच बातमी झाली. ८ डिसेंबर १९८० रोजी तिने न्यूयॉर्कच्या डकोटा इमारतीत लेनन आणि योको ओनोचा फोटो काढला: तो नग्न, गर्भाशयातल्या बाळासारखा तिला बिलगलेला, ती पूर्ण कपड्यांत. त्याच रात्री लेननचा खून झाला. २२ जानेवारी १९८१च्या अंकावर तो फोटो आला तेव्हा त्यावर नावाखेरीज मथळ्याचा एकही शब्द ठेवला नव्हता. अमेरिकेतल्या मासिक-संपादकांच्या संघटनेने २००५ मध्ये आधीच्या चाळीस वर्षांतलं सर्वोत्तम मुखपृष्ठ म्हणून ते निवडलं. हे मुखपृष्ठ दाखवून 'बघा, मथळे नकोतच' असं शिकवणारे भेटतात. तो न्याय चुकीचा आहे. फोटोनंतर काय घडलं होतं ते साऱ्या जगाला ठाऊक होतं, म्हणून मथळ्याची गरज नव्हती.

इकडे ब्रिटनमधली साप्ताहिकं न्यूजप्रिंटवरच, म्हणजे वर्तमानपत्राच्या स्वस्त कागदावरच अडकलेली. त्या कागदावर शाई पसरते, बारीक छटा जातात. तेव्हा फोटो काढायचा तो काळ्यापांढऱ्यात, भरपूर दाण्यांचा, काळं ते कुट्ट काळं. १९७९ मध्ये हॉलंडहून लंडनला आलेला अँटन कॉर्बाइन एनएमईसाठी असेच फोटो काढू लागला, आणि एका पिढीला वाटू लागलं की 'खरा' रॉक काळापांढराच असतो. स्वस्त कागदाने घडवलेली ही अभिरुची. लाल रंगाचंही तेच. काळ्याच्या जोडीला एकच शाई परवडत असेल तर लांबून दिसणारी म्हणून लाल घ्यायची, ही छापखान्यातली फार जुनी वहिवाट. एनएमईची अक्षरं १९७८ मध्ये बार्नी बबल्सने नव्याने आखली.

त्याआधी दोन वर्षं, जुलै १९७६ मध्ये, मार्क पेरी नावाच्या बँकेतल्या कारकुनाने 'स्निफिन ग्लू' हे पंक रॉकच्या चाहत्यांसाठीचं घरगुती पत्र काढलं. मजकूर टंकलेला, मथळे जाड फेल्टपेनने, खाडाखोड तशीच, प्रती झेरॉक्सवर. पहिल्या अंकाच्या पन्नासच. वर्षभराने खप हजारांत गेला तरी रूप बदललं नाही आणि १९७७ मध्ये पेरीने अंक बंद केला. कापलेली अक्षरं, तिरके फोटो, चिकटपट्टीच्या खुणा हे सगळं आज 'पंक इफेक्ट' म्हणून एका क्लिकवर मिळतं. पेरीकडे दुसरा इलाजच नव्हता, हे विसरलं की त्या खुणांचं नुसतं नक्षीकाम होतं.

ऐंशीच्या दशकात वाटा फुटल्या. एनएमईतून बाहेर पडलेल्या निक लोगनने आधी 'स्मॅश हिट्स' काढलं, चकचकीत कागद आणि गाण्यांचे पूर्ण बोल देणारं. मग मे १९८० मध्ये 'द फेस'. त्यात नेव्हिल ब्रॉडीने अनुक्रमणिकेच्या पानावरचा 'कंटेंट्स' हा शब्द अंकागणिक थोडाथोडा मोडत नेला, शेवटी उरल्या फक्त खुणा. नियमित वाचकाला ते पान कुठलं हे न वाचताच कळत होतं. असा खेळ करायचा तर आधी बरेच अंक तोच शब्द त्याच जागी ठेवावा लागतो. 'केरँग!' जून १९८१ मध्ये 'साउंड्स' या साप्ताहिकाची पुरवणी म्हणून आलं. त्याच्या नावाची अक्षरंच तडकलेली, आणि हेवी मेटलवाल्याला दुरून तेवढं पुरे. ९०च्या दशकात डेव्हिड कार्सनने 'रे गन' या मासिकात गायक ब्रायन फेरीची मुलाखत कंटाळवाणी वाटली म्हणून पूर्ण चिन्हांच्या फाँटात छापली. कलाविद्यालयांना हा किस्सा फार प्रिय. वाचता येईल असा मजकूर त्याच अंकात मागे दिला होता, हे सांगायचं बहुतेकजण विसरतात.

ऑक्टोबर १९८६ मध्ये 'क्यू' आलं, मुखपृष्ठावर पॉल मॅकार्टनी. सीडीचा जमाना सुरू झाला होता. विशीत घेतलेल्या रेकॉर्डी तिशी-चाळिशीतला, पैसा बाळगून असलेला माणूस सीडीवर पुन्हा विकत घेत होता. त्याला सल्ला हवा होता, तोही झटपट. म्हणून मागची जाडजूड परीक्षणं, प्रत्येकावर पाचपैकी तारे. अमेरिकेतल्या 'द सोर्स'ने हिपहॉपसाठी ताऱ्यांच्या जागी मायक्रोफोन दिले. कल्पना तीच: खरेदीची मार्गदर्शिका. गाणं ऐकायला पैसे पडेनासे झाले आणि या पानांचा आधार गेला. एनएमईची साप्ताहिक छापील आवृत्ती मार्च २०१८ मध्ये थांबली, 'क्यू' २०२० मध्ये.

भारतात या परंपरेचा थेट धागा म्हणजे 'रॉक स्ट्रीट जर्नल', १९९३ मध्ये अमित सैगल आणि शेना गमत यांनी चक्क अलाहाबादहून सुरू केलेलं. आणि २००८ पासून 'रोलिंग स्टोन'ची भारतीय आवृत्ती. मराठी वाचकाच्या घरात मात्र संगीत नियतकालिक म्हणजे 'संगीत कला विहार'. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं हे मासिक १९४७ मध्ये निघालं, संपादक प्रा. बी. आर. देवधर. गवयांची चरित्रं, बंदिशी, स्वरलेखन. त्यात नटण्यामुरडण्याला वाव नव्हता. वाचक शिष्य किंवा शिक्षक होता आणि त्याला अंक पेटीवर उघडा ठेवून वापरायचा होता. आपल्याकडे चित्रमय मुखपृष्ठाची हौस दिवाळी अंकांनी भागवली. दीनानाथ दलालांच्या 'दीपावली'च्या मुखपृष्ठावर चित्र बोलायचं, मथळ्यांची गर्दी नसायची. दिवाळी अंक नावावर मागितला जातो. फळीवर अनोळखी माणसाला हाक मारायची गरज त्याला फारशी पडली नाही.

आता स्वतःचा मराठी संगीत अंक काढणाऱ्याने यातलं काय घ्यावं? नावाची जागा त्याने खुशाल बदलावी. फोनवर अंक अंगठ्याएवढा दिसतो, तिथे नाव मधोमध, आडवं, पूर्ण रुंदीभर असलेलं बरं. पण रोमन मासिकांतली एक युक्ती देवनागरीत फसते: गायकाचं डोकं नावाच्या अक्षरांवर चढवणं. रोमन शब्दाचा वरचा अर्धा भाग दिसला तरी तो वाचता येतो. देवनागरीत वर असते शिरोरेषा, ती सगळ्यांना सारखीच. 'प' आणि 'ष', 'व' आणि 'ब' यांतला फरक अक्षराच्या पोटात. डोक्याने तोच झाकला तर उरतात रेघा आणि दांडे. फार हौस असेल तर डोकं एखाद्या कान्यावर येऊ द्यावं. नावासाठी तयार फाँटपेक्षा हाताने काढलेली अक्षरं केव्हाही चांगली. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली नावं पाहिली की जाहिरात न वाचता नाटकाचा पोत कळतो. तेवढी ऐपत नसेल तर 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा 'मोदक' मथळ्याला आणि 'मुक्त' मजकुराला फुकट उपलब्ध आहे.

तीन अरुंद स्तंभ टाळावेत. 'महाविद्यालयातल्यांनासुद्धा' असा एक शब्द आला की अर्धी ओळ गेली, आणि दोन्ही कडा सारख्या करायच्या हट्टापायी मधे भगदाडं पडतात. दोन स्तंभ, उजवी कड मोकळी. वेलांटी, रफार वर आणि उकार खाली, म्हणून ओळींतलं अंतर इंग्रजीच्या सवयीपेक्षा जास्त. तारे अल्बमला द्यायचे तर द्या, मैफलीला देऊ नका. ती होऊन गेलेली असते, वाचकाने विकत घ्यायचं काही शिल्लक नसतं. मैफलीच्या परीक्षणात त्यापेक्षा राग, ताल आणि साथीदार यांची छोटी चौकट द्यावी. साथीदारांची नावं पहिल्या नजरेत दिसली पाहिजेत, आपल्याकडे ती शेवटच्या ओळीत 'यांनी समर्पक साथ केली' इथे जाऊन पडतात.

बंदीश छापणार असाल तर खरी कसोटी तिथे. स्वरलेखनाच्या भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, मंद्र सप्तकातल्या स्वराखाली बिंदू, तार सप्तकातल्यावर बिंदू, तीव्र मध्यमावर उभी रेघ. समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) फुली, 'खाली'ला (जिथे टाळी देत नाहीत त्या मात्रेला) शून्य. मंद्र कोमल निषादाला रेघ आणि बिंदू दोन्ही खालीच येतात, आणि त्याच्या लगेच खाली बोलांची ओळ असते. मात्रा एकाखाली एक याव्यात म्हणून हे सगळं तक्त्यात बसवावं, स्पेसबार मारून मारून नव्हे. फोनवर ओळ मोडली की सम भलतीकडेच येते. प्रूफ वाचायला भाषेच्या जाणकाराबरोबर एखाद्या विद्यार्थ्यालाही द्यावं, पेटीवर वाजवत. तो जिथे अडखळेल तिथे बहुधा बिंदू रेघेला चिकटलेला सापडतो.