गावठाणाची रेषा आणि गावाची वाढ

एकोणिसाव्या शतकातल्या महसुली मोजणीत शेतांना सर्व्हे नंबर पडले आणि घरांचा पुंजका ‘गावठाण’ म्हणून वेगळा राहिला. आतल्या घरांना शेतसारा नव्हता. पुढची वाढही बराच काळ आतच जिरली: वाड्यांच्या वाटण्या झाल्या, परसात खोल्या निघाल्या, भिंतीला भिंत लागली. बोळाला खेटून ओटा असला की जाणाऱ्या-येणाऱ्याची ख्यालीखुशाली बसल्या जागी कळते. ‘आमच्याकडे सगळे सगळ्यांना ओळखतात’ या कौतुकामागे ही दाटीच जास्त आहे.

रेषेबाहेर मात्र वेगळाच खेळ झाला. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने प्रमाणभूत क्षेत्राहून, म्हणजे शासनाने ठरवलेल्या किमान क्षेत्राहून, लहान तुकडा विकायला मनाई केली. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार शेतजमिनीवर घर बांधायचे तर बिनशेती परवानगी आली. वाढीव गावठाण वेळेवर मिळाले नाही, म्हणून एकराचे चाळीस गुंठे पाडून साध्या कागदावर विकले गेले. हीच गुंठेवारी. मंजूर लेआउटमध्ये ४,००० चौरस मीटर आणि त्यापुढे १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. गुंठेवारीत ती नसतेच. सांडपाण्याला उतार नाही, वळणावर टँकर अडतो. २००१ च्या कायद्याने १ जानेवारी २००१ पर्यंतची गुंठेवारी नियमित करायची सोय केली. २०२१ मध्ये ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत ओढली गेली. थांबलो तर फायद्यात राहू, हा धडा विकणाऱ्यांनी तेव्हाच गिरवला.

खरा वाद आहे तो दाट वस्तीतल्या रस्तारुंदीचा. साडेचार मीटरपेक्षा अरुंद बोळात नवे बांधकाम मध्यरेषेपासून सव्वादोन मीटर मागे घ्यायचे, हा नियम. बोळ तीन मीटरचा असेल तर प्रत्येक बाजूने पाऊण मीटर, म्हणजे जवळपास अडीच फूट जातात. नेमका ओटाच जातो. पण सगळी घरे एकदम पडत नाहीत. ज्याचे घर जुने झाले तो मागे सरकतो, शेजारी पुढेच राहतो आणि बोळाची कड करवतीसारखी दातेरी होते. मागे सरकलेल्या खाचेत दुचाक्या लागतात, जिन्याच्या पायऱ्या उतरतात; गटार जुन्याच रेषेवर राहते आणि नव्या घराचे पाणी त्यात पडायला आडवा पाइप टाकावा लागतो. अग्निशमनाची गाडी तरीही शिरत नाही, कारण अडचण बोळाच्या सर्वांत अरुंद जागी असते. सोडलेल्या जागेचा एफएसआय (भूखंडाच्या प्रमाणात बांधता येणारे क्षेत्र) मिळतो, पण पाच-सहाशे चौरस फुटांच्या भूखंडावर जिना, संडास आणि स्वयंपाकघर बसवल्यावर तो वापरायचा कुठे? सलग पट्टा ठरवून, भरपाई देऊन, एका टप्प्यात केलेले रुंदीकरण यापेक्षा बरे. नाहीतर बोळ पायी वापराचा ठेवून कडेला वाहनतळ द्यावा. अर्धवट नियमाने ना रस्ता मिळतो, ना ओटा राहतो.

२०१४ नंतर तालुक्याच्या ठिकाणच्या अनेक ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या. ग्रामसभा गेली, प्रभाग आले. विकास आराखडा हे काम तिथे नवे, नगररचनेचे माणूसबळ अपुरे. आराखड्यात बाजार, मैदान, शाळा यांसाठी खासगी जमिनींवर आरक्षणे हौसेने पडतात. जमीन घ्यायला पैसा नसतो. दहा वर्षांत संपादन झाले नाही तर मालक नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो आणि पुढच्या चोवीस महिन्यांत पावले उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. त्या मैदानावर मग इमारत उभी राहते. मोजकीच आरक्षणे टाकून ती ताब्यात घेणे, हा त्यातल्या त्यात चालणारा मार्ग.

प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकतींना मुदत ठरलेली असते. त्या दिवसांत नकाशावर दाट वस्तीतल्या बोळांची दाखवलेली रुंदी आणि जागेवरची रुंदी टेपने मोजून ताडून पाहावी, हरकतीत सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे नंबर लिहावा. मंजुरीनंतर बोळाची रेघ हलवायची तर फेरबदलाची वेगळी प्रक्रिया करावी लागते, आणि ती शासनापर्यंत जाते.