परसातल्या कोंबड्या आणि माशा : फवारणी मागवण्याआधी हे वाचा

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

'माशा फार झाल्यात, फवारायला कधी येता?' असं विचारणारे फोन आम्हाला नेहमी येतात. फवारणी हा आमचा धंदाच आहे, त्यामुळे बोलावलंत तर आम्ही येऊ. पण खुराड्यात ओल तशीच राहिली तर फवारणीनंतर आठ-दहा दिवसांत माशा पुन्हा तेवढ्याच दिसू लागतात. मग ग्राहक म्हणतो औषध बोगस होतं, आणि आम्हाला ते औषधाचं नव्हे तर गळक्या भांड्याचं काम होतं हे सांगत बसावं लागतं. म्हणून हे पत्रक. यातली निम्मी कामं तुमची तुम्ही, एक पैसाही न खर्चता करू शकता.

माशी उडताना दिसते, वाढते मात्र खाली

घरमाशी ओल्या विष्ठेत, सडक्या खाद्यात, भिजलेल्या भुशात अंडी घालते. एका खेपेला शंभराच्या आसपास, आणि अशा अनेक खेपा. उन्हाळी हवेत अंडी एका दिवसाच्या आत फुटतात, अळ्या चार-पाच दिवस खाऊन पोसतात, मग जरा कोरड्या जागी सरकून तपकिरी कोष करतात. अंड्यापासून उडणाऱ्या माशीपर्यंतचा सगळा प्रवास गरम दिवसांत 7 ते 10 दिवसांत संपतो. थंडीत तो बराच लांबतो.

याचा अर्थ असा की, तुम्हाला उडताना दिसणाऱ्या माशा हा त्या जागेतल्या एकूण पैदाशीचा लहान भाग असतो. उरलेली सगळी फौज जमिनीत दडलेली असते आणि हवेत मारलेला फवारा तिच्यापर्यंत पोहोचतच नाही.

माशी नुसती त्रासदायक नसते. ती घाणीवरून उठून खाद्यावर बसते, साल्मोनेलासारखे जंतू पायांवर नि सोंडेवर घेऊन फिरते. कोंबडीच्या एका जातीच्या पट्टकृमीची अंडी माशीच्या अळीच्या पोटात जातात, पुढे ती माशी कोंबडीने टिपून खाल्ली की कृमी कोंबडीच्या आतड्यात. कोंबड्या माशा खातात म्हणजे आपोआप बंदोबस्त होतो, असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

ओल शोधा

ताज्या विष्ठेत तीन चतुर्थांश पाणीच असतं. अंडी देणारी मोठी कोंबडी दिवसाला साधारण 100 ते 150 ग्रॅम विष्ठा टाकते, म्हणजे दहा कोंबड्यांची दिवसाला एक किलोहून जास्त. ती लवकर वाळली तर अळ्या जगत नाहीत. ती वाळू न देणारी कारणं थोडीच असतात.

पहिलं कारण पाण्याचं भांडं, आणि दहातल्या सहा-सात ठिकाणी आम्हाला तेच सापडतं. भांडं जमिनीवर ठेवलेलं असतं, कोंबड्या त्यात पाय घालतात, सांडवतात, भोवतीचा भुसा चिखल होतो. भांड्याची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला येईल असं ते विटेवर ठेवा किंवा टांगा. खाली जाळी मारलेली चौकट किंवा वाळूचा थर द्या, म्हणजे सांडलेलं पाणी गादीत (खाली पसरलेल्या भुशाच्या थरात) मुरणार नाही. पाणी प्यायचे निपल लावले असतील तर प्रत्येकाखाली हात फिरवून पाहा. थेंब थेंब गळणारा एक निपल रात्रभरात बराच भुसा भिजवतो.

दुसरं कारण छप्पर. पागोळ्या खुराड्याच्या भिंतीलगत पडत असतील तर आतला कोपरा कायम ओला राहतो. पन्हळ लावा किंवा छप्पर हातभर पुढे काढा.

तिसरं, पातळ शी. खाद्यात मीठ जास्त झालं, उकाड्यामुळे कोंबड्या फार पाणी प्यायल्या, पोटात जंत किंवा दुसरा आजार असला की विष्ठा पातळ होते. दोन-चार दिवस सगळ्याच कोंबड्या पातळ शी करत असतील तर माशांचा विचार बाजूला ठेवा आणि पशुवैद्यांना दाखवा.

गादी ठीक आहे का हे तपासायला यंत्र लागत नाही. भुसा किंवा तूस मुठीत घट्ट दाबा आणि मूठ उघडा. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त. सैल होऊन सुटला तर बरोबर. बोटांतून नुसती धूळ उडाली तर फारच कोरडा, तोही कोंबड्यांच्या श्वासाला वाईट. दुसरी खूण नाकाची : खाली वाकून कोंबडीच्या उंचीवर श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर अमोनिया साठलाय. आपण उभे असतो म्हणून ते आपल्याला कळत नाही, त्या मात्र दिवसभर तिथेच असतात.

गादी 10 ते 15 सेंटिमीटर जाड ठेवा, आठवड्यातून दोनदा खालवर करा, ओला ठिगळ दिसला की तेवढाच काढून कोरडा भुसा टाका. बसण्याच्या दांडीखाली सगळ्यात जास्त विष्ठा पडते. तिथे सरकता पत्रा किंवा फळी ठेवली तर रोज सकाळी खरवडून काढणं दोन मिनिटांचं काम आहे.

चुन्याबद्दल विचारतात म्हणून सांगतो. चुना ओल ओढतो खरा, पण ताज्या विष्ठेवर टाकला की आधी अमोनियाचा भपका सोडतो, आणि कोंबड्यांच्या पायांना, डोळ्यांना तो पोळतो. कोंबड्या आत असताना चुना नको. रिकाम्या खुराड्याच्या भिंतींना द्या, पूर्ण वाळू द्या, मग कोंबड्या सोडा.

काढलेल्या खताचं काय

उघडा ढीग खुराड्याशेजारी लावणं म्हणजे माशांचं बिऱ्हाड बाहेर हलवणं. गरम दिवसांत ओली विष्ठा आठवड्यातून दोनदा तरी उचला, म्हणजे अळीचं चक्र पुरं होत नाही. ढिगात वाळला पाला, भुसा, पेंढा भरपूर मिसळा. असा ढीग आतून 55 ते 60 अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि त्या उष्णतेत अळ्या मरतात. कडेचा भाग मात्र थंडच राहतो आणि माशा नेमक्या तिथेच अंडी घालतात. म्हणून ढीग उलथत राहा नि वरून ताडपत्रीने नीट झाका.

एक गोष्ट सफाईची हौस असणाऱ्यांसाठी. दर वेळी खुराडं फरशी दिसेपर्यंत घासू नका. जुन्या कोरड्या गादीत माशीची अंडी नि कोवळ्या अळ्या खाणारे बारीक भुंगे आणि कोळीवर्गीय किडे असतात, शिवाय माशीच्या कोषात अंडी घालणाऱ्या इवल्याशा गांधीलमाश्याही. त्या माणसाला चावत नाहीत. सगळं एकदम काढलं तर माशी दुसऱ्या दिवशी परत येते, तिचे शत्रू यायला काही आठवडे लागतात. तळाचा कोरडा थर राहू द्या, किंवा अर्धं खुराडं आज, अर्धं पंधरा दिवसांनी साफ करा. खतावर थेट कीटकनाशक मारायला आम्ही नकार देतो तोही याच कारणाने. रोग येऊन गेला असेल किंवा फटींत लपणारे लाल किडे (त्यांच्याबद्दल पुढे) झाले असतील तर मात्र सगळं काढावंच लागतं.

माशी ओळखा

हिरव्या-निळ्या चकाकत्या माशा दिसल्या तर जवळपास काहीतरी मेलंय : उंदीर, पिलू, फुटलेलं अंडं. ते लगेच शोधा. मेलेल्या प्राण्यातल्या अळ्या कोंबड्यांनी खाल्ल्या तर बोटुलिझमची विषबाधा होऊ शकते. यात मान लुळी पडते नि कोंबडी दगावते. याच माशा पार्श्वभाग शेणाने माखलेल्या किंवा जखमी कोंबडीच्या अंगावर अंडी घालतात. पिसांत वळवळ दिसली तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठा, उद्यावर टाकू नका.

चपट्या, जाड, करड्या-तपकिरी अळ्या खताच्या ढिगात दिसल्या तर त्या बहुधा सैनिक माशीच्या. त्या घरमाशीला जागा देत नाहीत. त्यांना राहू द्या.

सापळे

वासाचे पाणी भरलेले सापळे माशा मारतात, पण आधी त्या बोलावतातही. म्हणून ते खुराड्यात टांगू नका, पाच-दहा मीटर दूर, माशा येतात त्या बाजूला टांगा. चिकट पट्ट्या आत चालतील, फक्त कोंबडी उडी मारूनही पोहोचणार नाही इतक्या उंच. चिकटलेली कोंबडी सोडवणं हा दोघांनाही क्लेशाचा प्रकार असतो.

अंगावरचे आणि फटीतले किडे

इथे ग्राहकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो, आणि चुकीच्या जागी औषध मारलं जातं. किडा राहतो कुठे, यावर सगळा इलाज ठरतो.

उवा कोंबडीच्या अंगावरच राहतात. पार्श्वभागाजवळची पिसं फुंकर मारून बाजूला करा. पिवळसर, धावणारे किडे आणि पिसांच्या मुळाशी चिकटलेले लिखांचे पांढरे पुंजके दिसतील. अंगापासून सुटलेली ऊ आठवडाभरही जगत नाही. त्यामुळे औषध कोंबडीला, खुराड्याला नव्हे.

लाल किडे नेमके उलटे. ते दिवसा दांडीच्या टोकाशी, खिळ्यांच्या भोकांत, फळ्यांच्या सांध्यांत लपतात आणि रात्री कोंबड्यांचं रक्त पितात. दिवसा कोंबडी तपासली तर काहीच सापडत नाही. अंधार पडल्यावर दोन-तीन तासांनी टॉर्च घेऊन जा, दांडीच्या खालच्या बाजूने पांढरं फडकं फिरवा. लाल डाग उमटले तर निदान झालं. तुरा फिका पडणं, अंडी कमी होणं, संध्याकाळी कोंबड्या आत जायला नाखूष असणं ही आधीची लक्षणं. हे किडे उपाशीपोटी कित्येक महिने तग धरतात, म्हणून खुराडं महिनाभर रिकामं ठेवून ते जात नाहीत. दांड्या काढा, फटी खरवडा, उकळतं पाणी किंवा वाफ द्या, वाळल्यावर फटींत खाद्यतेल चोळा नाहीतर त्यासाठीच मान्यता असलेलं औषध भरा. या किड्यांच्या अंड्यांवर औषध चालत नाही, त्यामुळे आठवड्याने हेच सगळं पुन्हा. दुसरी खेप टाळणाऱ्यांकडे आम्हाला तिसऱ्यांदा जावं लागतं.

गोचिडीही रात्री चावतात, फटीत लपतात. त्यांच्यापासून कोंबड्यांना ताप आणणारा आजार होऊ शकतो. डासांमुळे कोंबड्यांची देवी पसरते, म्हणून पाण्याची भांडी रोज रिकामी करून घासा आणि आजूबाजूचे फुटके डबे, टायर उपडे करा.

पायांचे खवले उचललेले, खडबडीत दिसत असतील तर आत खवल्यांचे किडे असतात. पाय कोमट साबणपाण्याने धुऊन व्हॅसलिन लावा, काही आठवडे चालू ठेवा. रॉकेल नको, जळकं ऑइल तर मुळीच नको.

कोंबड्यांना धुळीत लोळायला जागा द्या. कोरडी माती नि वाळू भरलेली, पाऊस न लागणारी पेटी पुरे. उवांवर त्या स्वतःच बराच ताबा ठेवतात.

औषध मारायचंच असेल तर

'नैसर्गिक' म्हणून विकली जाणारी डायटम माती (सूक्ष्म शेवाळांच्या कवचांची भुकटी) कोरडी असेल तरच काम करते, आणि तिची धूळ माणसाच्या नि कोंबडीच्या फुप्फुसाला चांगली नाही. तोंडाला मास्क बांधा, उधळू नका, फटीत ब्रशने भरा.

डांबरगोळ्या खुराड्यात ठेवू नका. कुत्र्या-मांजरांचं गोचिडीचं औषध कोंबडीला लावू नका. 2017 साली नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये लाल किड्यांसाठी वापरलेल्या द्रावणात फिप्रोनिल हे कीटकनाशक मिसळलेलं निघालं. ते अंड्यांत उतरलं आणि लाखो अंडी बाजारातून मागे घ्यावी लागली. त्या कोंबड्या वरून धडधाकटच दिसत होत्या. अंड्यात औषध उतरलं की नाही हे कोंबडीकडे पाहून कळत नाही.

म्हणून बाटली उघडण्याआधी लेबलवर तीन गोष्टी शोधा : हे औषध कोंबड्यांसाठी आहे का, अंडी देणाऱ्या कोंबड्यांना चालतं का, वापरल्यानंतर अंडी आणि मांस किती दिवस खायचं नाही. यातली एकही गोष्ट सापडली नाही तर ते औषध वापरू नका, आमच्याकडून घेतलेलं असलं तरी.

माशांसाठीचे गोड दाणे कोंबड्यांना दाण्यासारखेच दिसतात आणि त्या ते टिपतात. ठेवायचेच तर कोंबडी नि मूल पोहोचणार नाही अशा बंद, जाळीच्या डब्यात. कोंबडी लाळ गाळू लागली, थरथरली, पायांवर उभी राहीना, तर पाकीट सोबत घेऊन ताबडतोब पशुवैद्यांकडे जा. पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मांजरांना आणि टाकीतल्या मासोळ्यांना घातक आहे. फुललेल्या झाडांवरही ते मारू नका, मधमाश्या मरतात.

उंदीर

सांडलेलं खाद्य रात्री उचला, पोतं पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात ठेवा. सहा मिलिमीटरच्या फटीतून छोटा उंदीर आत येतो, म्हणून जाळी त्याहून बारीक डोळ्याची घ्या. विषाच्या गोळ्या कोंबड्यांच्या आवारात आम्ही ठेवत नाही. विष खाल्लेला उंदीर कोंबडीने किंवा मांजराने खाल्ला तर विष त्यांच्याही पोटात जातं. सापळे वापरा, तेही झाकलेल्या पेटीत.

आम्ही येण्याआधी

पाण्याची आणि खाद्याची भांडी बाहेर काढून ठेवा, अंडी गोळा करा, कोंबड्यांना दुसऱ्या जागी हलवायची सोय करा. फवारा पूर्ण वाळून वास जाईपर्यंत त्या आत जाणार नाहीत. घरात मांजर, मासे, मधमाश्यांच्या पेट्या किंवा दम्याचा रुग्ण असेल तर फोनवरच सांगा. गेल्या महिनाभरात कोणतं औषध वापरलं त्याची बाटली फेकू नका, आमच्या माणसाला दाखवा. आणि जमल्यास आदल्या रात्री पांढऱ्या फडक्याची तपासणी करून ठेवा : फडकं स्वच्छ निघालं तर बहुधा आम्हाला फवाऱ्याचा पंप गाडीतून उतरवावाही लागणार नाही.