नाव एक, लुती दोन

आमच्या पग कुत्र्याच्या डोळ्याभोवती पाचव्या महिन्यात टक्कल पडलं, रुपयाएवढं. सोसायटीत लगेच कुजबुज: ‘लूत आहे, मुलांना हात लावू देऊ नका.’ दोन दिवस मीही त्याला बाल्कनीत बांधून ठेवलं. आता आठवलं की ओशाळायला होतं, कारण त्याची लूत कुणाला लागण्यातली नव्हतीच.

लूत लागते म्हणतात ती सारकॉप्टिस नावाच्या किड्याची. माणसाला खरूज होते त्या किड्याचा हा भाऊबंद. मादी कातडीत बोगदे खणून अंडी घालते आणि कुत्रा रात्र रात्र खाजवत बसतो. सुरुवात बहुधा कानांच्या कडा, कोपरं आणि पोटापासून. कानाची कड दोन बोटांत धरून चोळा. पुष्कळदा मागचा पाय आपसूक खाजवल्यासारखा हलायला लागतो. घरच्यांच्या हातावर, कमरेवर लाल पुळ्या उठल्या तर संशय आणखी पक्का. पण हा किडा माणसाच्या अंगावर वंश वाढवू शकत नाही, कुत्रा बरा झाला की पुळ्याही जातात. उपचार मात्र घरातल्या सगळ्या कुत्र्यांना करावे लागतात.

आमच्याकडे होता तो डेमोडेक्स. विडीसारखा लांबुळका, केसाच्या मुळाशी राहणारा. बहुतेक सगळ्या कुत्र्यांच्या अंगावर तो थोडाफार असतोच. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत, दूध पिताना आईच्या अंगावरून पिल्लाकडे येतो. गंमत अशी, की किडा आईकडून आला तरी तो वारसा नव्हे. वारसा असतो तो त्याला आवर घालू न शकणाऱ्या प्रतिकारशक्तीचा. म्हणून एकाच वेतातल्या दोन-तीन पिल्लांना चट्टे पडतात. खाज फारशी नसते. जखमा चिघळल्या तर सुटते. एखाददुसरा चट्टा बहुधा आपोआप भरून येतो. मोठ्या वयाच्या कुत्र्याला पहिल्यांदाच झाला, तर मात्र थायरॉइडचा बिघाड, कुशिंग (अंगात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त होण्याचा आजार) असं आत काही दडलंय का ते बघावं लागतं.

तपासणीतही दोघं उलटे. डेमोडेक्ससाठी कातडी चिमटीत दाबून थोडं रक्त दिसेपर्यंत खरवडतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली किडे सहज दिसतात. सारकॉप्टिस खरवडून अनेकदा सापडतच नाही. ‘रिपोर्ट निगेटिव्ह’ असूनही डॉक्टर औषध देतात ते त्यामुळे.

हल्लीच्या चघळायच्या गोळ्या दोन्हींवर चालतात, म्हणून फरक कशाला करायचा असं वाटेल. पण खाजेवर म्हणून स्टेरॉइड दिलं, तर डेमोडेक्स आणखी फोफावतो. कोली जातीच्या काही कुत्र्यांत एका जनुकीय दोषामुळे आयव्हरमेक्टिन या किडे मारायच्या औषधाचा मोठा डोस जिवावर बेततो. आणि गॅरेजमधलं जळकं ऑइल कुठल्याच लुतीवर चोपडू नका. कुत्रा ते चाटतो आणि विषबाधा होते.

मांजरांत हा हिशेब बिघडतो: त्यांच्यातला एक डेमोडेक्स, गॅटोई, एका मांजराकडून दुसऱ्याला लागतो आणि खाजही देतो.

आमच्या पगचे चट्टे पुढे पंजांपर्यंत पसरले, औषधाने गेले. आता अंगावर मऊ केस आहेत, बघणाऱ्याला काही कळायचं नाही. परवा बागेत एकांनी मेटिंगसाठी विचारलं. ‘बरा झालाय ना?’ म्हणाले. झालाय. पण अंगभर पसरलेला डेमोडेक्स झालेल्या कुत्र्याची पिल्लं काढू नयेत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आम्ही त्याची नसबंदी केव्हाच करून टाकली आहे.