बाणाची लाकडी काडी

बाणाची काडी : बाणाचे टोक, पिसे आणि दोरीची खाच बाजूला केली की जो सरळ, गोल, सडपातळ दांडा उरतो, तो. पारंपरिक धनुर्विद्येत हा दांडा लाकडाचा, बांबूचा किंवा बोरूसारख्या पोकळ गवताचा असतो. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः फळीतून हाताने काढलेल्या लाकडी काडीचा विचार केला असून साहित्य, हत्यारे आणि हवामान कोल्हापूरचे धरले आहे.

कोल्हापूरला शस्त्रविद्येचे वेड जुने आहे. मर्दानी खेळांच्या आखाड्यांत दांडपट्टा, लाठी, भाला आणि विटा (दोरी बांधलेला भाला) आजही फिरतात. धनुष्य मात्र त्यांत अभावानेच दिसते. मैदानी तिरंदाजीत ते दिसते, पण तिथले बाण कार्बनचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे. लाकडी काडी लागते ती साध्या लाकडी किंवा बांबूच्या धनुष्याला. जागतिक तिरंदाजीच्या नियमांत ‘लाँगबो’ गटाला आजही लाकडी बाणांचीच अट आहे.

नाव व प्राचीनता : ‘शर’ या शब्दाचा मूळ अर्थ एक प्रकारचे गवत, बाणाला ते नाव त्याच्या काडीवरून मिळाले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वेणु, शर, शलाका, दण्डासन आणि नाराच असे बाणांचे प्रकार दिले आहेत, म्हणजे यादीच्या सुरुवातीला बांबू आणि गवत. अमरकोशात बाणाला ‘अजिह्मग’ म्हणजे वाकडा न जाणारा असे एक नाव आहे. आल्प्समध्ये १९९१ साली बर्फात सापडलेल्या, पाच हजार वर्षांहून जुन्या ‘ओत्झी’ नावाच्या माणसाच्या भात्यात दोन तयार बाण होते आणि बारा अर्धवट काड्या. बाण करण्यातला वेळ कुठे जातो, ते या बारा काड्यांवरून कळते. टोक आणि पिसे बसवणे हे एका संध्याकाळचे काम. काडी आठवडेच्या आठवडे घेते.

लाकूड : काडीचे लाकूड हलके, लवचीक आणि सरळ रेषेचे, म्हणजे तंतू लांबीच्या दिशेने सरळ गेलेले, हवे. पश्चिमेत पोर्ट ऑर्फर्ड सीडर, स्प्रूस, पाइन आणि बर्च वापरतात. इंग्लंडच्या ‘मेरी रोज’ या १५४५ मध्ये बुडालेल्या आणि १९८२ मध्ये वर काढलेल्या जहाजावर हजारो बाण मिळाले. त्यांतले बहुतेक पॉपलरचे होते. कोल्हापूरच्या वखारीत यांतले पाइन सहज मिळते, पण ते निवडून घ्यावे लागते. पॅकिंगच्या खोक्यांचे पाइन गाठींनी भरलेले असते आणि काडीच्या लांबीत एक गाठ आली तरी ती काडी बाद. सह्याद्रीतल्या शिवण झाडाचे लाकूड हलके आणि आकार धरून ठेवणारे असल्याने करून पाहण्याजोगे आहे. सागाचा मोह नवशिक्याला हमखास होतो, कारण तो घरात असतोच. पण ८.७ मिमी जाडीची ७५ सेंमी काडी पाइनची केली तर साधारण २१ ग्रॅम भरते आणि सागाची २९ ग्रॅमच्या आसपास जाते. एवढा जड बाण हलक्या धनुष्यावरून लवकर खाली उतरतो.

राधानगरी अभयारण्यातून काठीसुद्धा तोडून आणता येत नाही, हे इथे स्पष्ट सांगितले पाहिजे. वखारीतले किंवा शेताच्या बांधावरचे लाकूडच घ्यावे.

फळी फोडणे : काडीची मजबुती खरी ठरते ती इथे. करवत लाकडाची रेषा पाहत नाही. आखलेल्या ओळीवरून ती सरळ जाते आणि तंतू वाटेत तुटतात. अशी काडी डोळ्याला सरळ दिसते, पण तिच्या अंगावर रेषा तिरकी बाहेर पडलेली असते. ताणलेली दोरी सुटली की काडी नेमकी त्या तिरकसावर मोडते, आणि मोडलेले टोक धनुष्य धरलेल्या हातात घुसू शकते. म्हणून फळी फोडून घ्यावी. पाश्चात्य सुतार यासाठी वेगळे हत्यार वापरतात. आपल्याकडे जाड पाठीचा कोयता तेच काम करतो. तो फळीच्या टोकावर रेषेवर टेकवून लाकडी मोगरीने ठोकला की फाट लाकडाच्या स्वभावाने जाते. ती वाकडी गेली तर फळीच वाकड्या रेषेची होती, आणि ते काडी होण्याआधी कळले हे बरेच. सुमारे ८० सेंमी लांबीचे आणि १५ मिमी जाडीचे चौकोनी तुकडे काढून, सुतळीने जुडी बांधून सावलीत आडवे सुकवतात.

गोलाई : रंधा मारून सरळ केलेल्या फळीवर उभी ‘व्ही’ आकाराची खोबण पाडून पुढच्या टोकाला छोटा थांबा ठोकला की साचा तयार होतो. तुकडा खोबणीत ठेवून आधी चारही बाजू सारख्या करतात. मग चार कोपऱ्यांवर रंधा मारून अष्टकोन, पुन्हा आठ कोपऱ्यांवर रंधा मारून सोळा बाजू. यापुढे रंधा बाजूला ठेवून पॉलिश पेपर घ्यावा. अष्टकोनाची पायरी घाईने उरकणाऱ्याची काडी कधीच गोल होत नाही, अंडाकृती होते, आणि मग तिचा कडकपणा प्रत्येक बाजूला वेगळा भरतो. जाडी तपासायला पोलादी पट्टीत हव्या त्या मापाचे भोक पाडून घ्यावे. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या कुठल्याही कारखान्यात ते काम सहज होते. कोल्हापूरचा कारागीर या बाबतीत इतरांपेक्षा सुखी आहे.

कडकपणा : वर सांगितलेला अजिह्मग सुटतो तेव्हा वाकतो. दोरी मागून ढकलते, पुढचे टोक जडपणाने मागे राहू पाहते आणि काडी धनुष्याच्या मुठीला वळसा घालून, सापासारखी वळवळत बाहेर पडते. थोड्या अंतरावर ती स्थिरावते. १९३०च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन यांनी वेगवान छायाचित्रणाने हे दाखवून दिले. हा वळसा नेमका हवा. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बाण गरजेपेक्षा कडक असेल तर डावीकडे जातो, मऊ असेल तर उजवीकडे.

मोजायची रीत सोपी आहे. ६६० मिमी अंतरावरच्या दोन टेकूंवर काडी आडवी ठेवावी, मधोमध ९०७ ग्रॅम वजन टांगावे आणि मध्य किती मिमी खाली आला ते पाहावे. ६६० ला त्या आकड्याने भागले की काडी साधारण किती पौंड ताणाच्या धनुष्याला जुळेल तो आकडा मिळतो : १६.५ मिमी झोळ म्हणजे ४० पौंड, १३.२ मिमी म्हणजे ५०. मोजताना काडीच्या टोकावर दिसणाऱ्या, लाकडाच्या वाढीच्या वलयांच्या रेघा उभ्या ठेवाव्यात, कारण सुटताना काडी त्याच बाजूने वाकणार असते.

कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो. ८ मिमीऐवजी ९ मिमीची काडी सुमारे १.६ पट कडक होते; ९ मिमीवरून ८.८ केली की जवळजवळ ९ टक्के कडकपणा गेला. पॉलिश पेपरचे चार हात जास्त फिरले की काडी दुसऱ्याच धनुष्याची होते. म्हणून जाडच ठेवावे, मोजावे, थोडे घासावे, पुन्हा मोजावे. काम एका काडीचे नसून संचाचे असते. डझनभर काड्या ५ पौंडांच्या आणि साधारण दीड ग्रॅमच्या फरकात बसल्या तर संच चांगला म्हणावा. त्यासाठी वीस-पंचवीस काड्या कराव्या लागतात.

सरळ करणे व हवामान : काडी डोळ्यासमोर धरून खिडकीच्या उजेडात फिरवली की बाक दिसतो, काचेवर घरंगळवली की ऐकूही येतो. शेगडीवर धग देऊन, बाकाच्या उलट दिशेला किंचित जास्त दाबून, थंड होईपर्यंत धरून ठेवतात. जून ते सप्टेंबरच्या कोल्हापुरी पावसात लाकूड ओल पिते, फुगते आणि मऊ पडते, त्यामुळे श्रावणात मोजलेली काडी मार्चमध्ये वेगळा आकडा देते. मोजमाप आणि पॉलिश दिवाळीनंतर होळीपर्यंत करावे हे उत्तम. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून दिलेले तीन-चार पातळ हात ओलीचा वेग बराच कमी करतात. अळशीचे तेल दिसायला सुंदर, पण ओल रोखण्यात लाखेच्या मागे.

खाच व टोके : दोरीची खाच वलयांच्या रेघांना आडवी कापायची. रेघांच्या दिशेने कापली तर दोरीच्या धक्क्याने काडी उभी चिरते. बारीक करवतीने कापून, कानशीने तळ गोल करून, खाचेखाली रेशमाचा किंवा सुती दोरा सरसात भिजवून घट्ट गुंडाळतात. तयार टोक बसवायचे असेल तर पुढचा निमुळतेपणा ५ अंशांचा आणि मागे प्लॅस्टिकची खाच लावायची असेल तर ११ अंशांचा ठेवतात.

बांबू : बांबू हे लाकूड नव्हे, गवत, पण भिल्ल, वारली यांसारख्या आदिवासी समाजांत बाण म्हटला की काडी बहुधा बांबूची किंवा बोरूची. त्याची बाहेरची पाठ सर्वांत मजबूत असते, म्हणून बारीक बांबू आखाच घेतात आणि फक्त पेरे (गाठी) घासून सपाट करतात. खाच पेराच्या लगेच मागे येईल अशी कापली की पेरच तिला फाटण्यापासून सांभाळते. २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने बांबू झाडांच्या व्याख्येतून वगळला गेल्याने स्वतःच्या रानातला बांबू कापणे सुलभ झाले आहे.

वापर व दुरुस्ती : प्रत्येक बाण लावण्यापूर्वी दोन्ही हातांनी हलका वाकवून कानाजवळ धरावा. कुरकुर ऐकू आली तर तो तिथेच मोडून टाकावा. चिकटवून पुन्हा सोडू नये. फक्त पुढचा चार बोटे भाग तुटला असेल तर मात्र काडी वाचते : उरलेल्या टोकाला लांब पाचर काढून बाभळीसारख्या कठीण लाकडाचा चिरलेला तुकडा तीवर सरसाने चढवतात, सुतळीने आवळून दिवसभर ठेवतात आणि नंतर रंधा मारून मूळ जाडीला आणतात. असा बाण पुढे किंचित जड होतो, म्हणून संचात परत घालण्याआधी तो पुन्हा टेकूंवर आणि काट्यावर मोजावा लागतो.