शेजारच्या व्हीएमशी बोलायला केबल लागत नाही

मेनफ्रेमवाल्यांत एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: झेड/व्हीएम या आयबीएमच्या प्रणालीवर एकाच मशीनमध्ये अनेक आभासी मशीन (गेस्ट) चालतात; त्यातल्या दोन गेस्टना एकमेकांशी सॉकेट, म्हणजे प्रोग्राममधली जोडणी, जोडायचं तर डेटा नेटवर्क कार्डातून बाहेर जाऊन स्विचला वळसा घालूनच परत येतो. तसं नाही. दोन्ही गेस्ट एकाच व्हीस्विचवर, म्हणजे झेड/व्हीएममधल्या आभासी स्विचवर, असतील, तर पॅकेट मेमरीतूनच इकडचं तिकडे होतं. कार्डाला पत्ताही नसतो.

त्याहून मजेशीर मार्ग म्हणजे आययूसीव्ही, झेड/व्हीएमची गेस्टमध्ये थेट निरोप पोचवायची सोय. इथे टीसीपी/आयपीच नाही. लिनक्स गेस्टमध्ये एएफ-आययूसीव्ही सॉकेट उघडलं की पत्ता म्हणून आयपी आणि पोर्ट द्यायचे नाहीत. समोरच्या गेस्टचा युजर आयडी आणि प्रोग्रामचं नाव द्यायचं, दोन्ही आठ-आठ अक्षरांत. निरोप पोचवतो सीपी, म्हणजे सगळे गेस्ट चालवणारा झेड/व्हीएमचा हायपरव्हायजर. साहजिकच लिनक्सच्या फायरवॉलमध्ये, आयपीटेबल्समध्ये, कितीही नियम लिहा, या जोडणीला ते लागू होत नाहीत.

म्हणून लगेच दुसरं टोक गाठू नका, की ‘घरातलीच वाट, मग परवानगी कशाला आणि मर्यादा कसली?’ परवानगी झेड/व्हीएमच्या डिरेक्टरीत, म्हणजे गेस्टच्या व्याख्या असलेल्या यादीत, त्या गेस्टच्या नोंदीतल्या आययूसीव्ही ओळीतून मिळते. शिवाय त्याच नोंदीतल्या ऑप्शन ओळीत मॅक्सकॉन, म्हणजे जोडण्यांची कमाल संख्या, असतं. ते लिहिलं नाही तर जोडण्यांची मर्यादा फक्त ६४. पासष्टावी जोडणी नाकारली गेली की लोक आधी नेटवर्कवाल्यांना फोन लावतात. ते बिचारे स्विच तपासत बसतात! आकडा वाढवायचा तर डिरेक्टरी बदलावी लागते, आणि गेस्टला लॉगऑफ करून पुन्हा लॉगऑन केल्यावरच तो लागू होतो. लिनक्स नुसतं रीबूट करून भागत नाही.