सिंकवरचा मिक्सर नळ सारखा ढिला का होतो?

आमच्या सांगलीच्या घरी ओट्यावरचा गरम-गार पाण्याचा मिक्सर नळ वर्षभरात तीनदा ढिला झाला. दर वेळी तेच, आधी तोटी फिरवताना बूड जरासं हलायचं, मग खालच्या कपाटात ओल यायची आणि एक दिवस सगळा नळच डुलायला लागायचा. प्लंबर यायचा, नट आवळायचा आणि जोरात फिरवू नका म्हणून सांगून जायचा. आईला ते फार लागायचं, आणि खरंच तिची काही चूक नव्हती, शेवटी मीच टॉर्च घेऊन सिंकखाली आडवा झालो.

खाली बघितलं तर नळाच्या बुडातून आलेला आट्यांचा एक रॉड, त्याच्यावर रबराची चकती, अर्धचंद्रासारखी लोखंडी पट्टी आणि एक नट. बस, एवढ्यावर अख्खा नळ उभा.

नट आवळला की रॉड अगदी किंचित ताणला जातो, डोळ्यांना दिसणार नाही इतका, आणि मग तो स्प्रिंगसारखा बुडाला आणि पट्टीला एकमेकांकडे ओढून धरतो. आटे म्हणजे रॉडभोवती गुंडाळलेला चढ. नेहमीच्या ८ मिलिमीटरच्या रॉडवर नट एका फेऱ्यात १.२५ मिलिमीटर सरकतो, म्हणजे चढ जेमतेम ३ अंशांचा. एवढ्याशा उतारावर स्टीलवरून स्टील घसरत नाही, घर्षण धरून ठेवतं. मग नट सुटतोच कसा?

आपल्या मार्केट यार्डात हळदीचं पोतं जरा तिरक्या फळीवर ठेवलेलं असतं ते आठवा. ते तसंच बसून राहतं. पण तेच पोतं कोणी आडवं, डावीकडे-उजवीकडे घसटत राहिलं तर ते हळूहळू खालीपण उतरायला लागतं, खाली कोणी ढकललेलं नसताना. कारण वस्तू ज्या दिशेने घसरते त्याच्या बरोबर उलट दिशेने घर्षण लढतं, ते सगळं आडव्या सरकण्यात अडकलं की उताराला अडवायला जवळपास काहीच उरत नाही. गेरहार्ड युंकर नावाच्या जर्मन इंजिनियरने १९६९ मध्ये हेच दाखवून दिलं, बोल्टला मशिनवर आडवं हलवलं की चांगला आवळलेला नटसुद्धा आपोआप उलटा फिरतो.

आमच्या नळाचं नेमकं हेच चाललेलं. लांब तोटी म्हणजे तरफच, प्रत्येक वेळी फिरवली की बूड केसभर सरकणार. त्यात सिंकचा पत्रा मिलिमीटरभर जाडीचा, तो डब्याच्या झाकणासारखा दबतो. आणि रबर तर महिनोन् महिने दाबाखाली राहून बसतंच, त्यामुळे नट जागचा न हलताही रॉडमधला ताण कमी होतो. वर बोअरच्या पाण्याचे क्षार साचून तोटी जड झालेली, मग पीळ सगळा बुडावर.

म्हणून नुसतं अजून जोरात आवळून भागत नाही, सरकणं थांबवावं लागतं. दोन्ही अँगल कॉक (सिंकखालचे पाणी बंद करायचे छोटे नळ) बंद केले, नट काढला, बुडाखालची साबणाची बुळबुळ पुसली. खालची रबराची चकती काढून तिथे वॉटरप्रूफ प्लायचा मोठा तुकडा घोड्याच्या नालेच्या आकारात कापून पट्टी आणि पत्र्याच्या मधे घातला, म्हणजे पत्रा दबत नाही (बुडाखालचं वरचं रबर मात्र ठेवायचं, ते पाणी अडवतं). साध्या नटाऐवजी नायलॉक नट लावला, त्याच्यातली नायलॉनची रिंग आटे घट्ट धरते. ह्या रॉडवर टेफ्लॉन टेप मात्र कृपा करून गुंडाळू नका, ती पाण्याच्या जोडाला गळती थांबवायला असते आणि मुळात निसरडी असते, इथे तर आपल्याला घर्षणच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी नट पुन्हा थोडा आवळला, कारण वरचं रबर रात्रभरात बसलेलं. मग तोटी काढून क्षार व्हिनेगरने धुतले आणि तिच्या ओ-रिंगला, म्हणजे रबराच्या गोल कडीला, सिलिकॉन ग्रीस लावलं. आता आई एका बोटाने तोटी फिरवते आणि बूड जागचं हलत नाही.