आयकर रिटर्न नेमकं कुठे अडतं? कोल्हापूरच्या पगारदार, पेन्शनर आणि ऊसवाल्यांसाठी

आर्थिक वर्ष २०२४-२५ चं रिटर्न भरायची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर २०२५ वर गेली होती, शेवटच्या क्षणी आणखी एक दिवस मिळाला. खालचे आकडे, फॉर्म आणि नियम त्या वर्षाच्या रिटर्नचे आहेत. यात आयकर खात्याने काही उपकार केले नव्हते. त्यांचे फॉर्मच वेळेत तयार नव्हते. रिटर्नच्या आयटीआर-२ या फॉर्मची एक्सेल युटिलिटी (भरायची फाइल) यायला ११ जुलै उजाडला. खात्याला उशीर झाला की मुदतवाढ मिळते, तुम्हाला झाला की पाच हजार दंड. उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल तर एक हजार.

कोल्हापुरात या मुदतवाढीचा अर्थ "गणपती झाले की बघू" असा घेतला गेला. त्या वर्षी २७ ऑगस्टला गणपती बसले, ६ सप्टेंबरला विसर्जन. म्हणजे हातात नऊ दिवस उरले, आणि शेवटच्या दिवसांत सगळा देश खात्याच्या पोर्टलवर तुटून पडलेला असतो. त्यात एखादा कागद कमी निघाला तर गाडी तिथेच थांबते.

नेहमीच्या पायऱ्या सांगण्यासारख्या नाहीत. पोर्टलवर लॉगिन, फॉर्मची निवड, आधीच भरून आलेली माहिती तपासणं, कर भरणं, सबमिट करणं. ज्याला यूपीआय जमतं त्याला हेही जमतं. रिटर्न अडतं ते दुसरीकडेच.

सगळ्यात आधी बारा लाखांचा घोळ. "बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही" हे बजेटमध्ये ऐकलेलं खरं आहे, पण ते १ एप्रिल २०२५ पासूनच्या कमाईसाठी. इथे बोलतोय ते मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षाच्या रिटर्नबद्दल. त्या वर्षाला नव्या करप्रणालीत सात लाखांपर्यंत सूट आहे, पगारदाराला त्याआधी ७५ हजारांची प्रमाणित वजावट. आणि कर शून्य येतो म्हणून रिटर्न नको, हेही चूक. त्या वर्षाला नव्या प्रणालीत उत्पन्न तीन लाखांच्या वर गेलं की रिटर्न भरावंच लागतं, कर शून्य असला तरी. त्या वर्षाचं चलन भरताना कर निर्धारण वर्ष (कमाईच्या वर्षाच्या पुढचं वर्ष) २०२५-२६ निवडायचं. इथे २०२४-२५ वर टिचकी पडली की पैसे मागच्या वर्षात जमा होतात आणि त्या वर्षाची थकबाकी तशीच दिसत राहते.

मुदतवाढ रिटर्नला होती, करावरच्या सगळ्या व्याजाला नाही, हेही लक्षात ठेवा. टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापलेला कर) वजा जाऊन दहा हजार किंवा जास्त कर निघत असेल आणि आगाऊ कर (वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी भरायचा कर) भरलेला नसेल, तर कलम २३४बी चं व्याज एप्रिल २०२५ पासूनच दरमहा एक टक्क्याने चढतं. धंद्याचं उत्पन्न नसलेल्या साठीपुढच्या लोकांना आगाऊ कर लागत नाही, त्यामुळे पेन्शनर यातून सुटतात. बाकीच्यांनी रिटर्न मुदतीच्या अखेरीस भरा हवं तर, कर मात्र लगेच भरून टाका.

ऊस असेल तर "सहज" विसरा

आपल्याकडे सर्वांत जास्त चुका इथे होतात. नोकरी शाळेत किंवा बँकेत, आणि गावाकडे दीड-दोन एकर ऊस. फॉर्म भरला जातो आयटीआर-१, म्हणजे "सहज", आणि उसाचं नावच नाही. "शेतीला टॅक्स नसतो हो" हे उत्तर ठरलेलं.

शेती उत्पन्न करमुक्त आहे, पण ते दाखवायचं असतं. वर्षाचं निव्वळ शेती उत्पन्न पाच हजारांच्या वर गेलं की आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ लागतो. पाच हजार म्हणजे दोन टनांचंसुद्धा बिल नव्हे. तेव्हा ज्याचा ऊस कारखान्याला जातो, तो जवळजवळ प्रत्येक नोकरदार आयटीआर-२ वाला आहे.

मोठा धक्का पुढे आहे. शेतीवर कर नसला तरी तुमच्या पगारावरचा दर ठरवताना शेतीची रक्कम हिशेबात येते. समजा, २०२४-२५ च्या नव्या प्रणालीच्या दरांनी, वजावटीनंतर पगार सात लाख आणि निव्वळ शेती उत्पन्न तीन लाख. दोन्ही मिळून दहा लाखांवर कर येतो ५० हजार. शेतीचे तीन लाख आणि मूळ सवलतीचे तीन लाख, अशा सहा लाखांवरचा कर १५ हजार. तो वजा केला की ३५ हजार उरतात. सात लाखांपर्यंतची सूट मिळते, पण ती जास्तीत जास्त २५ हजारांची. उरलेले दहा हजार आणि त्यावर चार टक्के उपकर, एकूण १०,४०० रुपये भरावे लागतात. ज्याला आपला कर शून्य असल्याची खात्री होती, त्याला हा आकडा बघून घाम फुटतो. पण हिशेब बरोबर आहे.

निव्वळ म्हणजे खर्च जाऊन. कारखान्याचं बिल म्हणजे उत्पन्न नव्हे. बियाणं, खत, पाणीपट्टी, मजुरी, सगळं वजा करा आणि पावत्या जपा. शेती उत्पन्न पाच लाखांच्या वर असेल तर जिल्हा, पिनकोड, जमीन किती एकर, स्वतःची की खंडाने, बागायत की जिरायत, हेही फॉर्म विचारतो. सातबारा आणि आठ-अ समोर घेऊन बसलेलं बरं.

इथेच खरी गोची होते. सातबारा आजोबांच्या नावावर, कारखान्याकडे उसाची नोंद थोरल्या भावाच्या नावावर, पैसे वडिलांच्या खात्यावर, आणि वाटणी चुलीपाशी बसून तोंडी. आता यातलं उत्पन्न कुणाचं? तुमच्या वाट्याला जे येतं ते दाखवायचं, आणि वाटणीचा साधा का होईना, सह्यांचा कागद करून ठेवायचा. जमीन एकत्र कुटुंबाची असेल तर हिंदू अविभक्त कुटुंबाचा वेगळा प्रश्न येतो. त्यासाठी मात्र सीएकडे जा, शेजाऱ्याला विचारू नका.

दूध शेतीत धरू नका. दोन म्हशींचं दूध डेअरीला घालत असाल तर ते उत्पन्न करपात्र आहे. वैरण स्वतःच्या रानातली असली तरी फरक पडत नाही. गुऱ्हाळवाल्यांनीही सावध राहावं: ऊस विकला तर शेती, पण गूळ करून विकला की सगळीच रक्कम शेतीत बसते असं नाही.

पतसंस्थेचं व्याज

जिल्ह्यात गल्लोगल्ली पतसंस्था आहेत आणि निवृत्तीची निम्मी पुंजी तिथेच असते. सभासदांच्या ठेवींच्या व्याजावर बहुतेक पतसंस्था टीडीएस कापत नाहीत. त्यामुळे ते व्याज २६एएस मध्ये (तुमच्या नावावर कापलेल्या कराचा उतारा) नसतं, एआयएस मध्येही (खात्याकडे असलेली तुमच्या व्यवहारांची यादी) बहुधा नसतं. "तिथं दिसत नाही म्हणजे लागत नाही" असं लोक धरून चालतात. लागतं. संस्थेकडून ३१ मार्चचा व्याजाचा दाखला मागा. देताना कुरकुर करतील, तरी मागा.

बँकेत १५एच (कर कापू नका असं सांगणारा ज्येष्ठांचा फॉर्म) भरून दिला म्हणून व्याज करमुक्त झालं असंही नाही. त्या फॉर्मने फक्त टीडीएस थांबतो.

पंचाहत्तरीपुढे रिटर्न नको, हाही अर्धवट ऐकलेला नियम. पेन्शन आणि व्याज दोन्ही एकाच, सरकारने नेमलेल्या बँकेतून येत असेल, बाकी काहीच उत्पन्न नसेल आणि बँकेला तसं घोषणापत्र दिलं असेल, तरच तो लागू. पतसंस्थेत एक ठेव असली तरी तो गेला.

पतीमागे मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन "पगार" या रकान्यात टाकू नका. ते इतर उत्पन्नात येतं आणि त्यातून एक तृतीयांश किंवा नव्या प्रणालीत २५ हजार, यातली कमी रक्कम वजा होते. पगारात टाकलं की ७५ हजारांची वजावट घेतली जाते आणि तिथेच चूक होते.

शिक्षक, थकबाकी आणि फॉर्म १०ई

वेतन आयोगाच्या फरकाचा हप्ता मिळाला की त्या वर्षी उत्पन्न फुगतं. त्यावर कलम ८९ ची सवलत आहे, दोन्ही करप्रणालींत. पण त्यासाठी पोर्टलवर फॉर्म १०ई रिटर्नच्या आधी भरावा लागतो. हेडक्लार्कने फॉर्म १६ मध्ये (पगार आणि त्यातून कापलेल्या कराचा दाखला) सवलत धरून दिली असली तरीही. हा फॉर्म कुणी सांगत नाही. मग काही महिन्यांनी बेंगळुरूहून सूचना येते, सवलत नामंजूर, इतके रुपये भरा, आणि माणूस इथल्या आयकर कार्यालयात जाऊन उभा राहतो. तिथल्या लोकांच्या हातात फारसं काही नसतं. रिटर्नची प्रक्रिया बेंगळुरूच्या केंद्रात यंत्र करतं, आणि यंत्र फक्त जुळणी बघतं. तुम्ही प्रामाणिक आहात हे त्याला कळत नाही.

वर्षात नोकरी बदलली असेल तर दोन्ही फॉर्म १६ जोडून हिशेब करा. दोन्ही मालक मूळ सवलत आणि प्रमाणित वजावट देऊन बसलेले असतात, म्हणून शेवटी कर निघतोच.

जुनी करप्रणाली हवी असेल तर मुदत पक्की धरा. उशिराच्या रिटर्नमध्ये ती निवडता येत नाही. धंद्याचं उत्पन्न असणाऱ्यांना फॉर्म १०-आयईए (जुनी प्रणाली निवडल्याचा फॉर्म) सुद्धा मुदतीतच भरावा लागतो. २०२५ च्या फॉर्ममध्ये जुन्या प्रणालीत नुसता आकडा टाकून भागत नाही: ८०सी ला (विमा, पीएफ वगैरेंची वजावट) पॉलिसीचा किंवा खात्याचा क्रमांक, आरोग्य विम्याला कंपनीचं नाव आणि पॉलिसी क्रमांक, गृहकर्जाला बँक आणि कर्ज खातं. वर्षाचं घरभाडं एक लाखाच्या वर असेल तर नोकरीच्या ठिकाणी घरमालकाचा पॅन द्यावा लागतो, जो राजारामपुरीतला घरमालक हसत हसत देईल अशी आशा ठेवू नका. भाडेकरार करतानाच मागून घ्या.

"रिफंड काढून देतो, त्यातले इतके टक्के माझे" म्हणणारे दर हंगामात उगवतात. खोट्या देणग्या, खोटे विमे टाकतात. १४ जुलै २०२५ ला याच प्रकरणात खात्याने देशभर दीडशे ठिकाणी तपासणी केली. एजंट फोन बंद करतो. पॅन तुमचा असतो, नोटीस तुम्हालाच येते.

एलआयसी एजंटांनी "सहज" भरू नये, "सुगम" म्हणजे आयटीआर-४ सुद्धा नाही. कमिशन आलं की आयटीआर-३. कमिशनचा टीडीएस मागायचा आणि कमिशन दाखवायचं नाही, असं झालं की सदोष रिटर्नची नोटीस येते. दुरुस्तीला पंधरा दिवस मिळतात. नोटीस ईमेलवर येते, आणि ईमेल बहुतेक वेळा नेट कॅफेवाल्याचा असतो. स्वतःचा किंवा मुलाचा घाला.

नाव, जन्मतारीख, खातं

रिफंड न येण्याचं एक नेहमीचं कारण: नावं जुळत नाहीत. पॅन माहेरच्या नावाने, बँक खातं सासरच्या. खातं पोर्टलवर प्रमाणित होत नाही आणि रिफंड परत जातो. विवाह नोंदणी प्रमाणपत्र घेऊन आधी पॅनवरचं नाव बदला, मग खातं पुन्हा प्रमाणित करा. बँक विलीन झाली असेल तर आयएफएससी बदललेला असतो, तोही बघा. पतसंस्थेचं खातं रिफंडला चालत नाही, ती बँक नाही.

जन्मतारखेची गंमत वेगळी. गुरुजींनी शाळेत घालताना १ जून टाकलेली, पॅनवर तीच. आधारवर १ जानेवारी. जोडणी होत नाही, आणि न जोडलेला पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय आहे. अशा पॅनवर रिफंड मिळत नाही, टीडीएस जास्त दराने कापला जातो. आधी एका कागदावरची तारीख दुरुस्त करा, मग एक हजार रुपये भरून जोडणी. या दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून आजच सुरू करा.

भरलं म्हणजे झालं असंही नाही. ३० दिवसांत पडताळणी करावी लागते. आधारच्या ओटीपीने दोन मिनिटांचं काम, पण आधारला जोडलेला मोबाईल जुना, बंद पडलेला किंवा पुण्यातल्या पुतण्याचा. तसं असेल तर नेट बँकिंगने करा, नाहीतर आयटीआर-व्ही वर (भरलेल्या रिटर्नची पोचपावती) सही करून स्पीड पोस्टाने बेंगळुरूला पाठवा. तो कागद तिथे ३० दिवसांत पोचला पाहिजे, टाकला पाहिजे असं नव्हे. ३० दिवस उलटले तर पडताळणीचा दिवस हाच रिटर्नचा दिवस धरला जातो, म्हणजे मुदतीत भरलेलं रिटर्नसुद्धा उशिराचं होतं.

मुदत हुकली तर ते रिटर्न ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत दंडासह भरता येत होतं. भरलेल्यात चूक सापडली तर सुधारित रिटर्नलाही तीच ३१ डिसेंबर होती. त्यानंतर अद्ययावत रिटर्न चार वर्षांपर्यंत आहे, पण त्यात जादा कर २५ टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत चढतो, आणि रिफंड मागता येत नाही.

घरातलं कुणी वर्षभरात वारलं असेल तर त्यांचंही रिटर्न भरावं लागतं, आणि त्यांच्या लॉगिनमधून गुपचूप भरून चालत नाही. आधी पोर्टलवर वारस म्हणून नोंदणी करायची: मृत्यू दाखला, दोघांचे पॅन, आणि वारसाचा पुरावा. न्यायालयाचा किंवा महसूल खात्याचा वारस दाखला, नोंदणीकृत मृत्युपत्र, किंवा सरकारी कुटुंब निवृत्तिवेतनाचं प्रमाणपत्र, यांपैकी एक. तलाठ्याकडे खेटे घालण्याआधी पेन्शनचा कागद घरात आहे का ते बघा, पुष्कळदा असतो. खात्याची मंजुरी यायला दिवस लागतात, त्यामुळे हे काम मुदतीच्या बरंच आधी उरकायला हवं.